लेझर फ्यूजनमधले तप्त इलेक्ट्रॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझर फ्यूजनच्या बातमीत बहुतेक वेळा दोनच आकडे असतात, ऊर्जा किती आत गेली आणि किती बाहेर आली. त्या दोन आकड्यांच्या मध्ये लेझरचा प्रकाश आणि प्लाझ्मा (म्हणजे ज्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा तप्त वायू) यांची जी झटापट चालते तिच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. या क्षेत्रातले मोठे निर्णय मात्र त्या झटापटीनेच घ्यायला लावले आहेत. कोणत्या रंगाचा लेझर वापरायचा, इंधनाची गोळी कशाची करायची, ती ठेवायच्या नळीत वायू किती भरायचा, हे सगळे त्यातूनच ठरले. म्हणून खालची उत्तरे तिच्याभोवती, आणि तिच्यातून निघणाऱ्या अतिवेगवान म्हणजेच तप्त इलेक्ट्रॉनांभोवती फिरतात.

लेझरने फ्यूजन घडवतात म्हणजे नेमके काय करतात?

हायड्रोजनचे दोन जड समस्थानिक, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, एका बारीक पोकळ गोळीत भरतात. गोळीचा व्यास दोन मिलिमीटरच्या आसपास असतो. तिच्या आतल्या बाजूला या इंधनाचा गोठलेला थर असतो आणि त्याचे तापमान उणे 254 अंश सेल्सिअसच्या जवळ असते. लेझरच्या ऊर्जेने गोळीचे बाहेरचे कवच तापून झपाट्याने बाहेर उडते आणि त्याच्या प्रतिक्रियेने उरलेले कवच इंधनासह आत ढकलले जाते. आत जाण्याचा वेग सेकंदाला 400 किलोमीटरच्या घरात असतो. सगळे जुळून आले तर मध्यभागी तापमान दहा कोटी अंशांच्या वर जाते आणि केंद्रके एकमेकांत मिसळू लागतात. प्रत्येक मिसळणीतून 17.6 एमईव्ही ऊर्जा सुटते (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचे एकक). त्यातली 14.1 एमईव्ही न्यूट्रॉन घेऊन जातो आणि 3.5 एमईव्ही हेलियमच्या केंद्रकाकडे राहते. हे हेलियमचे केंद्रक आजूबाजूच्या इंधनात थांबून त्याला आणखी तापवते. हे तापणे स्वतःच्या बळावर पुढे पसरू लागले की इंधन पेटले असे म्हणतात.

गोळी तापवण्याच्या दोन पद्धती आहेत. थेट पद्धतीत लेझरचे किरण सरळ गोळीवर पडतात. अप्रत्यक्ष पद्धतीत ते जड धातूच्या एका छोट्या नळीच्या आतल्या भिंतीवर पडतात, भिंत क्ष-किरण सोडते आणि त्या क्ष-किरणांनी गोळी तापते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतली नॅशनल इग्निशन फॅसिलिटी, म्हणजे एनआयएफ, प्रामुख्याने दुसरी पद्धत वापरते. तिचे 192 किरण सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या नळीत दोन्ही टोकांनी शिरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा 60 किरणांचा ओमेगा लेझर मुख्यतः थेट पद्धतीच्या अभ्यासासाठी ओळखला जातो.

यात प्लाझ्मा कुठून आला?

लेझरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 10 चा 14 वा ते 15 वा घात इतके वॅट असते. एवढ्या तीव्रतेखाली कुठलाही पदार्थ घन राहत नाही. लेझरचा प्रकाश काही नॅनोसेकंदांच्या एका झोतात, म्हणजे स्पंदात येतो; त्या स्पंदाच्या अगदी सुरुवातीलाच पृष्ठभागावरच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोर प्लाझ्माचा ढग पसरू लागतो. त्यानंतरचा सगळा प्रकाश या ढगातून वाट काढतच आत जातो. नळीत हेलियम भरलेला असेल तर त्याचाही प्लाझ्मा होतो. थोडक्यात, पहिला क्षण सोडला तर लेझर घन पदार्थाला कधी भेटतच नाही.

प्रकाश प्लाझ्मात किती खोल जाऊ शकतो?

प्रत्येक तरंगलांबीसाठी प्लाझ्माची एक क्रांतिक घनता असते. तिथपर्यंत पोचला की प्रकाश मागे परावर्तित होतो, कारण तिथले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्याच वारंवारतेने डोलू लागतात आणि त्याला पुढे जाऊ देत नाहीत. ही घनता तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सुमारे एक मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशासाठी ती दर घन सेंटिमीटरला 10 चा 21 वा घात इतके इलेक्ट्रॉन आहे. 351 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशासाठी ती जवळजवळ नऊ पट भरते.

वाटेत प्रकाश आपली ऊर्जा देतो ती मुख्यतः टकरींमधून. प्रकाशाच्या क्षेत्रात डोलणारा इलेक्ट्रॉन आयनावर, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूवर, आदळतो, त्याची नियमित हालचाल विस्कटते आणि उष्णता होते. ही संशोधकांना हवी असलेली वाट आहे. ऊर्जा सर्व इलेक्ट्रॉनांत सारखी वाटली जाते आणि पृष्ठभाग शांतपणे तापतो. जिथे घनता जास्त, तिथे टकरी जास्त. म्हणून आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक खोल जातो आणि अधिक चांगला शोषलाही जातो.

मग बिघडते कुठे?

प्लाझ्माला स्वतःच्या लाटा असतात, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. इलेक्ट्रॉन एकत्र सरकून परत येतात तेव्हा इलेक्ट्रॉन प्लाझ्मा तरंग उठतो. आयनही हलू लागले तर ध्वनीसारखा मंद तरंग उठतो. सुरुवातीला या लाटा नगण्य असतात. उष्णतेमुळे जेवढी खळबळ असायची तेवढीच ती असते. पण लेझरचा प्रकाश अशा लाटेवरून विखुरला की विखुरलेला प्रकाश आणि मूळ प्रकाश मिळून एक ठेका तयार होतो. तो ठेका लाटेच्या वारंवारतेशी जुळला तर लाटेला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का बसतो, झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तसा. लाट वाढते, ती वाढली म्हणून प्रकाश जास्त विखुरतो, आणि जास्त विखुरला म्हणून लाट आणखी वाढते.

लाट इलेक्ट्रॉनांची असेल तर या प्रक्रियेला उद्दीपित रामन प्रकीर्णन म्हणतात. 1928 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी रेणूंच्या कंपनांमुळे प्रकाशाचा रंग बदलतो हे दाखवले होते. इथे रेणूंच्या जागी इलेक्ट्रॉनांचा अख्खा समूह कंप पावतो. लाट आयनांची असेल तर ते उद्दीपित ब्रिलुआँ प्रकीर्णन. तिसरा प्रकार क्रांतिक घनतेच्या बरोबर एक चतुर्थांश घनतेजवळ घडतो. तिथे एका फोटॉनपासून दोन प्लाझ्मा तरंग जन्मतात आणि विखुरलेला प्रकाश उरतच नाही. त्याला द्वि-प्लाझ्मॉन क्षय म्हणतात. याखेरीज किरण स्वतःच्या दाबाने प्लाझ्मा बाजूला सारतो, त्या पोकळीत आणखी एकवटतो आणि बारीक धाग्यांत फुटतो. असे धागे झाले की त्यांच्या आतली तीव्रता वाढते आणि वरच्या तिन्ही प्रक्रियांना बळ मिळते.

ब्रिलुआँमध्ये मुख्य नुकसान गेलेल्या प्रकाशाचे असते. तो जवळजवळ त्याच रंगात मागे फिरतो आणि खूप वाढला तर लेझरच्या भिंगांना आणि आरशांना इजा करू शकतो. रामनमध्ये नुकसान दुहेरी आहे. प्रकाश तर जातोच, शिवाय ऊर्जेचा एक वाटा प्लाझ्मा तरंगात अडकतो. घनता क्रांतिक घनतेच्या एक दशांश असेल तर हा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. एक चतुर्थांश घनतेवर तो निम्म्यावर जातो. त्यामुळे 351 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश आत जातो आणि घनतेनुसार हिरव्यापासून गडद लाल रंगापर्यंतचा प्रकाश परत येतो. परत आलेला रंग पाहून आत कुठल्या घनतेवर ही प्रक्रिया घडली हे ओळखता येते. या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच आहे.

तप्त इलेक्ट्रॉन तयार कसे होतात?

प्लाझ्मा तरंगात विद्युत क्षेत्र असते आणि ते ठरावीक वेगाने पुढे सरकत असते. जो इलेक्ट्रॉन जवळपास त्याच वेगाने चाललेला असतो त्याला हे क्षेत्र जवळजवळ स्थिर दिसते. तो त्यात अडकतो आणि सतत एकाच दिशेने ढकलला जातो. लाट आपली ऊर्जा अशा इलेक्ट्रॉनांना देऊन स्वतः मावळते. 1946 मध्ये लेव्ह लँडाऊ यांनी टकरींशिवायही लाट मंदावू शकते हे गणिताने दाखवले होते. तप्त इलेक्ट्रॉन हे त्या गणिताचे प्रत्यक्ष रूप आहे. लाट फार मोठी झाली तर अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, लाटेचा आकारच बदलतो आणि कागदावरचे साधे सिद्धांत अपुरे पडतात.

म्हणजे इथे ऊर्जा सर्वांत सारखी वाटली जात नाही. थोड्या इलेक्ट्रॉनांना खूप मिळते.

तप्त म्हणजे किती तप्त?

नळीतल्या सामान्य इलेक्ट्रॉनांचे तापमान काही केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असते. 3 केईव्ही म्हणजेच साडेतीन कोटी अंश, तेव्हा सामान्य हा शब्द इथे जपून घ्यायचा. मागे विखुरणाऱ्या रामन प्रक्रियेतून साधारण 20 ते 40 केईव्ही तापमानाचे इलेक्ट्रॉन निघतात. एक चतुर्थांश घनतेजवळच्या प्रक्रियांतून निघणारे बऱ्याचदा त्याहून तप्त असतात आणि 100 केईव्हीच्या जवळही जातात. 100 केईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतो.

इथे तापमान म्हणजे त्या गटाच्या ऊर्जावाटपाचा उतार. प्रत्येक इलेक्ट्रॉनाची ऊर्जा तेवढीच असते असा त्याचा अर्थ नाही. हा उतार फार महत्त्वाचा आहे. एनआयएफच्या गोळीत 170 केईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन बाहेरचे कवच भेदून इंधनापर्यंत पोचू शकतात. वाटप साधे घातांकी मानले तर 30 केईव्ही तापमानाच्या गटात अशा इलेक्ट्रॉनांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. तापमान 80 केईव्ही झाले तर तेच प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून तप्त इलेक्ट्रॉनांत एकूण ऊर्जा किती, एवढेच विचारून भागत नाही. तापमान किती हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवे.

एवढ्याशा इलेक्ट्रॉनांनी इतके काय बिघडते?

इंधन आधी दाबायचे आणि मग तापवायचे, हा क्रम या सगळ्या योजनेचा कणा आहे. थंड पदार्थ दाबायला कमी ऊर्जा लागते. अगदी थंड इंधनातही इलेक्ट्रॉनांचा क्वान्टम नियमांमुळे येणारा किमान दाब असतो आणि तो टाळता येत नाही. त्यावर उष्णतेचा दाब चढला की तेवढ्याच धक्क्याने इंधन कमी दाबले जाते. तप्त इलेक्ट्रॉन नेमके हेच करतात. लेझरच्या धक्क्याच्या लहरी कवचातून पायरीपायरीने आत जात असतात. हे इलेक्ट्रॉन मात्र त्यांना ओलांडून आधीच इंधनात शिरतात आणि ते वेळेपूर्वी तापवतात.

थेट पद्धतीच्या मोठ्या आराखड्यांत लेझरच्या ऊर्जेपैकी साधारण 0.1 टक्क्याहून जास्त ऊर्जा अशा रीतीने इंधनात जाऊ नये असे मानतात. दोन मेगाज्यूलच्या लेझरसाठी ही मर्यादा फक्त दोन किलोज्यूल होते. सुदैवाने सगळे तप्त इलेक्ट्रॉन इंधनाच्या दिशेने जात नाहीत. काही बाजूला जातात, काही कवचातच थांबतात, काही नळीच्या भिंतीवर आदळतात. तरी भिंतीवर आदळलेल्यांपासून तीव्र क्ष-किरण निघतात आणि त्यांच्यापासूनही गोळीला त्रास होतो.

वेळेचाही प्रश्न आहे. स्पंदाच्या सुरुवातीला, नळीच्या तोंडावरचा पातळ पडदा फुटताना, प्लाझ्माची घनता थोडा वेळ एक चतुर्थांश क्रांतिक घनतेच्या आसपास येते आणि तप्त इलेक्ट्रॉनांचा एक छोटा झोत निघू शकतो. त्यातली ऊर्जा कमी असते, पण इंधन त्या वेळी सर्वांत थंड आणि म्हणून सर्वांत नाजूक असते. लेझरच्या स्पंदाची पहिली पायरी नीट आखून हा झोत आटोक्यात आणतात.

लेझर अतिनीलच का? अवरक्त लेझर बनवणे सोपे नाही का?

सोपे आहे, आणि सुरुवातही तिथूनच झाली. 1972 मध्ये जॉन नकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरने हायड्रोजन प्रचंड घनतेपर्यंत दाबता येईल हे जाहीरपणे मांडले तेव्हा आशा फार मोठ्या होत्या. 1977 मध्ये लिव्हरमोरला शिवा हा 20 किरणांचा लेझर उभा राहिला. तो सुमारे 10 किलोज्यूलचा अवरक्त प्रकाश देत असे. तप्त इलेक्ट्रॉन इतके निघाले की इंधन अपेक्षेइतके दाबलेच जाईना. लॉस अलामॉस प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचे लेझर वापरले जात होते. त्यांची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. ते कार्यक्षम होते आणि त्यांत ऊर्जाही भरपूर होती, पण त्यांची क्रांतिक घनता 351 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या मानाने सुमारे 900 पट कमी पडते. प्रकाश बाहेरच अडायचा आणि ऊर्जा तप्त इलेक्ट्रॉनांत जायची. 1980 च्या दशकाच्या मध्यात फ्यूजनसाठीचा तो मार्ग बंद झाला.

यामागचे गणित साधे आहे. इलेक्ट्रॉनाला प्रकाश किती जोराने हलवतो हे तीव्रता गुणिले तरंगलांबीचा वर्ग यावर ठरते. तरंगलांबी एक तृतीयांश केली तर तीव्रता तीच असूनही हा गुणाकार नऊ पटींनी घटतो. पण काचेच्या लेझरमधून थेट अतिनील प्रकाश निघत नाही. 1980 मध्ये रॉचेस्टरच्या गटाने पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या स्फटिकांतून अवरक्त प्रकाशाची वारंवारता तिप्पट करता येते, तीही चांगल्या कार्यक्षमतेने, हे दाखवून दिले. त्यानंतर चित्रच पालटले. 1984 मध्ये लिव्हरमोरला नोव्हा लेझर तयार झाला, त्यात हे रूपांतर होते. ओमेगा, एनआयएफ आणि फ्रान्समधला लेझर मेगाज्यूल हे तिन्ही 351 नॅनोमीटरवर चालतात.

मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. त्यासाठी किंमतही मोजावी लागली. रूपांतरात ऊर्जा वाया जाते आणि अतिनील प्रकाशाने काचेच्या भिंगांवर डाग पडतात, ते सतत दुरुस्त करावे लागतात.

एनआयएफची पहिली काही वर्षे अपयशी ठरली ती यामुळेच का?

काही अंशी, पण सगळा दोष यावर टाकणे चुकीचे होईल. 2009 मध्ये ती सुविधा पूर्ण झाली आणि 2012 पर्यंतच्या पहिल्या मोहिमेत इंधन पेटले नाही. गोळीच्या पृष्ठभागावरच्या अस्थिरता, गोळी धरून ठेवणारी अतिपातळ चादर, दाबण्यातली असमानता, अशी बरीच कारणे होती. तरी लेझर आणि प्लाझ्मा यांच्यातल्या प्रक्रियांचा वाटा मोठा होता. नळीत तेव्हा हेलियम दाट भरलेला असे, म्हणजे भिंतीचा प्लाझ्मा आत घुसून किरणांची वाट अडवणार नाही. पण त्याच दाट वायूत आतल्या किरणांना, म्हणजे नळीच्या मधल्या भागाकडे जाणाऱ्या किरणांना, लांबचा प्रवास करावा लागे आणि रामन प्रक्रियेला वाढायला भरपूर अंतर मिळे. लेझरची सुमारे 15 टक्के ऊर्जा परत फिरत होती. शिवाय ती कुठून किती फिरेल याचा आधी अंदाज बांधता येत नव्हता, आणि मला हे त्या 15 टक्क्यांहून गंभीर वाटते.

पुढे वायू कितीतरी विरळ केला, स्पंद आखूड केला आणि गोळी प्लास्टिकऐवजी हिऱ्याची, म्हणजे उच्च घनतेच्या कार्बनची केली. हिऱ्याचे कवच दाट असल्याने आखूड स्पंदातही काम भागते आणि भिंतीचा प्लाझ्मा आत घुसायला वेळ कमी मिळतो. परत फिरणारी ऊर्जा काही टक्क्यांच्या आत आली आणि तप्त इलेक्ट्रॉन फारच घटले. 5 डिसेंबर 2022 रोजी 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल फ्यूजन ऊर्जा मिळाली. त्यामागे हा बदल आहे.

एका किरणातली ऊर्जा दुसऱ्या किरणात जाते हे खरे आहे का?

हो. दोन किरण प्लाझ्मात एकमेकांना छेदतात तिथे त्यांच्या व्यतिकरणातून पट्टे तयार होतात. पट्ट्यांचा ठेका आयनांच्या ध्वनीलाटेशी जुळला तर एका किरणातला प्रकाश दुसऱ्याकडे वळतो. एनआयएफवर याचा उपयोगही करून घेतात. आतल्या आणि बाहेरच्या किरणांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) फरक ठेवला की ऊर्जा हवी त्या किरणांकडे वळवता येते आणि गोळी सारखी दाबली जाते. थेट पद्धतीत मात्र हीच गोष्ट त्रासदायक ठरते. गोळीच्या कडेने निसटणारा प्रकाश आत येणाऱ्या किरणांची ऊर्जा घेऊन बाहेर निघून जातो.

थेट पद्धतीत तप्त इलेक्ट्रॉनांचा प्रश्न जास्त गंभीर आहे का?

वेगळा आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक कठीण. तिथे गोळी आणि तप्त इलेक्ट्रॉनांचा उगम यांच्यात अंतरच नसते. ओमेगावर अनेक वर्षे द्वि-प्लाझ्मॉन क्षय हाच मुख्य दोषी दिसत होता. ती प्रक्रिया कधी सुरू होईल हे तीव्रता, प्लाझ्माच्या घनतेचा चढ किती सौम्य आहे आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान या तिघांवर ठरते. तीव्रता जास्त आणि चढ सौम्य असेल तर ती लवकर सुरू होते. तापमान वाढले तर उशिरा.

पेटण्याच्या पातळीची गोळी मोठी असते, म्हणजे तिच्याभोवतीचा प्लाझ्माही लांबवर पसरलेला असतो. एनआयएफच्या किरणांनी तसा लांब आणि तप्त प्लाझ्मा तयार करून पाहिला तेव्हा मुख्य प्रक्रिया रामन निघाली आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान 40 ते 60 केईव्हीच्या आसपास आढळले. लहान लेझरवरचे निष्कर्ष मोठ्या लेझरवर जसेच्या तसे नेता येत नाहीत, याचा इतका ठळक दाखला दुसरा मिळणे कठीण. कवचात सिलिकॉनसारखे मध्यम जड मूलद्रव्य घातले तर तप्त इलेक्ट्रॉन कमी होतात असेही दिसले आहे. अशा प्लाझ्मात टकरी जास्त होतात आणि लाटा लवकर विझतात.

एवढ्या कमी वेळात घडणाऱ्या गोष्टी मोजतात कशा?

इलेक्ट्रॉन थेट पकडणे अवघड, म्हणून त्यांच्या खुणा वाचतात. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात थांबताना तीव्र क्ष-किरण सोडतो. वेगवेगळ्या जाडीच्या गाळण्यांमागे संवेदक ठेवले की क्ष-किरणांच्या ऊर्जावाटपाचा उतार कळतो आणि त्यावरून तप्त इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि एकूण ऊर्जा काढता येते. गोळीत एखाद्या ओळखीच्या धातूचा पातळ थर ठेवला तर इलेक्ट्रॉन तिथवर पोचल्यावर तो धातू स्वतःच्या विशिष्ट क्ष-किरण रेषा सोडतो. मग कोणते इलेक्ट्रॉन किती खोल गेले तेही समजते.

प्रकाशाच्या बाजूने पाहिले तर परत आलेला प्रकाश किरणाच्याच भिंगातून मागे घेऊन त्याचा वर्णपट आणि वेळ नोंदवतात. लेझरच्या निम्म्या किंवा दीडपट वारंवारतेचा प्रकाश दिसला तर एक चतुर्थांश घनतेजवळ काहीतरी चालले आहे याची ती खूण असते. मापनातली खरी कसोटी वेळ आणि जागा जुळवण्याची आहे. एकूण ऊर्जा कळते, पण ती कुठल्या किरणातून, कुठल्या क्षणी आली हे सोडवायला अनेक उपकरणांच्या नोंदी एकत्र लावाव्या लागतात.

संगणकावर आधीच हिशेब करून हे टाळता येत नाही?

पूर्णपणे नाही. 351 नॅनोमीटरच्या प्रकाशाचे एक आंदोलन 1.17 फेम्टोसेकंदांत पूर्ण होते. दहा नॅनोसेकंदांच्या स्पंदात अशी सुमारे 85 लाख आंदोलने होतात. इलेक्ट्रॉन लाटेत कसा अडकतो हे पाहायचे तर प्रत्येक आंदोलनाचा मागोवा घ्यावा लागतो. गोळी कशी दाबली जाते हे पाहायचे तर अख्ख्या स्पंदाचा, तोही मिलिमीटरभर जागेत. दोन्ही एकाच संगणनात बसत नाही. म्हणून कणांचा मागोवा घेणाऱ्या प्रणाली छोट्या तुकड्यावर थोडा वेळ चालवतात, त्यातून सोपे नियम काढतात आणि ते मोठ्या प्रारूपात घालतात. त्या सोप्या नियमांतच बरीचशी अनिश्चितता दडलेली असते.

यावर उपाय काय आहेत?

पहिला उपाय किरण गुळगुळीत करण्याचा. लेझरच्या ठिपक्यात काही जागी तीव्रता सरासरीच्या कितीतरी पट असते आणि अस्थिरता तिथूनच सुरू होतात. 1980 च्या दशकात ओसाकात काचेच्या विशेष तबकड्या वापरून किरणाचे असंख्य बारीक भाग करण्याची पद्धत निघाली. अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आणि रॉचेस्टरमध्ये हे ठिपके वेळेगणिक हलवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. आज प्रत्येक मोठ्या लेझरवर यांपैकी काही ना काही असते.

दुसरा उपाय मला सर्वांत आश्वासक वाटतो. लाट वाढते ती प्रकाश एकाच शुद्ध वारंवारतेचा असल्यामुळे. वारंवारतेचा पट्टा पुरेसा रुंद केला, म्हणजे मूळ वारंवारतेच्या एक टक्का किंवा अधिक, तर ठेका टिकत नाही आणि लाटेला वाढायला सवडच मिळत नाही. आजचे मोठे लेझर यापेक्षा फारच अरुंद पट्ट्यावर चालतात. रॉचेस्टरमध्ये फ्लक्स नावाचा रुंद पट्ट्याचा लेझर खास या तपासणीसाठी बांधला आहे. तिसरी वाट आणखी आखूड तरंगलांबीची. क्रिप्टॉन फ्लोराइडचा लेझर 248 नॅनोमीटरचा आणि आर्गॉन फ्लोराइडचा 193 नॅनोमीटरचा प्रकाश देतो, शिवाय त्यांचा पट्टाही रुंद असतो.

तप्त इलेक्ट्रॉनांचा उपयोग करून घेता येतो का?

दोन ठिकाणी तसा विचार झाला आहे. 1994 मध्ये मांडलेल्या झटपट प्रज्वलनाच्या कल्पनेत इंधन आधी दाबून घेतात आणि मग एका अतितीव्र आखूड स्पंदाने एमईव्ही पातळीचे इलेक्ट्रॉन मुद्दाम तयार करून ते पेटवतात. 1996 मध्ये नोव्हाच्या एका शाखेने एक पेटावॅटची (10 चा 15 वा घात इतके वॅट) शक्ती गाठली आणि या कल्पनेला बळ मिळाले. अडचण अशी की हे इलेक्ट्रॉन रुंद कोनात पसरतात आणि छोट्याशा लक्ष्यावर पुरेशी ऊर्जा एकवटत नाही.

दुसरी कल्पना धक्क्याने पेटवण्याची. स्पंदाच्या अगदी शेवटी लेझरची तीव्रता एकदम वाढवून इंधनात एक जोरदार धक्का सोडायचा. तोवर कवच दाबून दाट झालेले असते. त्या वेळी निघालेल्या तप्त इलेक्ट्रॉनांची ऊर्जा फार जास्त नसेल तर ते कवचाच्या बाहेरच्या भागातच थांबतात आणि धक्क्याला उलट बळच देतात. फार ऊर्जावान असतील तर आत घुसून इंधन तापवतात.

आता इंधन पेटले आहे, मग हा प्रश्न सुटला असे म्हणायचे का?

सध्याच्या आराखड्यापुरता तो आटोक्यात आला आहे. एनआयएफवर त्यानंतरच्या प्रयोगांत ऊर्जा वाढत गेली आणि 2025 मध्ये 8.6 मेगाज्यूलपर्यंत पोचली. पण तिथे एका प्रयोगासाठी वीजपुरवठ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल घेतले जातात, आणि वीजकेंद्राला याच्या कितीतरी पट अधिक लाभ हवा. तो मिळवायचा तर अधिक इंधन, मोठी गोळी आणि जास्त ऊर्जा असे पुढे जावे लागेल. गोळी मोठी झाली की प्लाझ्मा लांब होतो आणि प्लाझ्मा लांब झाला की वरच्या सगळ्या प्रक्रियांना पुन्हा वाव मिळतो. विरळ वायूचा जो मार्ग आज चालला, तो लांब स्पंदांत चालेलच असे नाही, कारण तेवढ्या वेळात भिंतीचा प्लाझ्मा नळी भरून टाकतो. त्यात वीजकेंद्रात असा प्रयोग सेकंदाला अनेक वेळा करावा लागेल. प्रत्येक वेळी परत फिरणारा प्रकाश भिंगांवर पडेल, आणि एका प्रयोगात सहज सोसली जाणारी इजा तिथे काही तासांत साठून येईल. नव्या लेझरचा पट्टा किती रुंद ठेवायचा आणि तरंगलांबी कोणती निवडायची हे आज बांधकाम सुरू होण्याआधीच ठरवावे लागणार आहे. नंतर ते बदलता येत नाही.